मुक्या शिट्ट्यांचा काय स्क्वेअर

कुकरची शिट्टी का वाजते, हे मला आयुष्यात कोणी विचारलं नाही. का वाजत नाही, तेवढंच विचारायचे. त्या एका प्रश्नावर मी बडोद्याजवळच्या वाघोडियाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली.

आमच्या मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या वहिनी घरी आल्या आणि म्हणाल्या, काका, तुमच्या नोकरीबद्दल लिहा. मी म्हटलं, मी सातवी पास, तीही दुसऱ्या खेपेला. त्या म्हणाल्या, शुद्धलेखन आम्ही बघू. तर बघावं त्यांनी. आमची ही, म्हणजे कुसुम, गेल्या वर्षी गेली. ती असती तर हा लेख आधी तिने वाचला असता आणि निम्मा कापला असता. आता कापणारं घरात कोणी नाही, त्यामुळे लांबला तर सोसून घ्या.

आमच्या कारखान्यात फक्त शिट्ट्या व्हायच्या. कुकर दुसरे लोक करायचे. शिट्टी म्हणजे एक वजन, त्याच्या पोटात बारीक भोक. वाफ त्या भोकातून निसटली की ओरडते. भोक जरा वाकडं, जरा बुजलेलं, की शिट्टी मुकी. रोजच्या मालातून दहा शिट्ट्या उचलायच्या आणि वाजतात का बघायचं, हे माझं काम. त्यासाठी हवेचं मशीन होतं. ते महिन्यातले वीस दिवस बिघडलेलं असायचं आणि उरलेले दिवस माझा त्याच्यावर विश्वास नसायचा. मी तोंडाने फुंकायचो. कुकरवर ओरडते तशी ओरडत नाही, पण चांगली शिट्टी बारीक ‘सूं’ करते. तो ‘सूं’ माझ्याइतका बडोद्यात कोणाला कळत नव्हता, हे मी आजही छाती ठोकून सांगतो. तुमच्या घरच्या शिट्टीत माझी फुंकर गेली असेल. वापरण्याआधी धुतली असेल, अशी आशा आहे.

आता काय स्क्वेअरचं. ज्या मोठ्या कंपनीला आमचा माल जायचा, तिने एकदा कळवलं की नुसतं ‘माल ठीक आहे’ चालणार नाही, आकडे दाखवा. आमच्या रमणशेठनी त्रिवेदीमॅडम आणल्या. कॉलेजात आकडेशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या, बारीक अंगाच्या बाई, पण आवाज असा की मशीन बंद करायची गरज पडली नाही. तीन दिवस त्यांनी आम्हा आठ जणांना शिकवलं. सात जण डुलक्या काढत होते. मी जागा राहिलो, कारण त्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यापलीकडे काही नव्हतं आणि तेवढं सातवीत दोनदा झालेलं होतं.

घरी येऊन मी कुसुमला म्हटलं, “आज काय स्क्वेअर शिकलो.”

ती म्हणाली, “काय ते तुम्हालाच माहीत नाही, मग शिकलात काय.”

मराठी माणसाने हे नाव घेतलं की असंच होतं. पण गोष्ट सोपी आहे. दोन बाबतींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे बघायचं असतं. मोजमापाच्या बाबती नाहीत, कप्प्यांच्या. वाजली की नाही वाजली. हे मशीन की ते मशीन. आधी धरून चालायचं की काही संबंध नाही. संबंध नसता तर कुठल्या कप्प्यात किती आले असते, तो आकडा काढायचा. खरे किती आले, तो शेजारी लिहायचा. दोघांतला फरक, त्याचा वर्ग, भागिले तो संबंध नसतानाचा आकडा. सगळ्या कप्प्यांचं असं करून बेरीज. दोन ओळी आणि दोन रकाने असतील तर बेरीज तीन पॉइंट चौऱ्याऐंशीच्या वर गेली की समजायचं, हा नुसता योगायोग नसावा. योगायोगाने एवढा फरक शंभरात पाचच वेळा पडतो.

मॅडमनी आणखीही एक गोष्ट सांगितली होती. तिसऱ्या दिवशी, जेवणानंतर. जेवणात कढी-खिचडी होती. तेवढा वेळ मीही सातांबरोबर आठवा झालो. ती गोष्ट पुढे येईल.

नवीन शिकलेला माणूस भयंकर असतो. मी सगळ्याला काय स्क्वेअर लावला. रमणशेठ रोज उजवा पाय आधी आत टाकायचे, मशीन बंद पडू नये म्हणून. मी दोन महिने त्यांच्या पायाकडे बघून वहीत लिहिलं. बेरीज एकाच्याही खाली आली. शेठना जाऊन सांगितलं की पायाचा आणि मशीनचा संबंध नाही. ते म्हणाले, “वसंतभाई, मारा पग सामे जोवानुं बंध करो.” त्यांचा पाय बघायचा मी बंद केला, त्यांनी उजवा पाय टाकायचा बंद केला नाही. घरी मी बघितलं की मेहुणा येतो त्या दिवशी लाइट जाते का. मेहुणा आलाच चार वेळा. मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, एकेका कप्प्यात निदान पाचाची अपेक्षा असल्याशिवाय हा हिशेब लावायचा नाही. मी कुसुमला म्हटलं, तुझ्या भावाला जरा जास्त वेळा बोलव. तिने त्याला आठ दिवस राहायलाच बोलावलं. लाइट एकदाही गेली नाही.

हे सगळं चेष्टेचं चाललं होतं. मग कांचनबेनचं झालं.

कांचनबेन म्हणजे आमच्या लाइनवर शिट्टीचे भाग जुळवणारी बाई. पन्नाशीची, जाडजूड, बोलण्यात पक्की. नवऱ्याचा एक हात आणि एक पाय गेलेला, घर तिच्या एकटीच्या पगारावर. एक दिवस ती जुळवणीला माझ्या शेजारच्या पाटावर बसायची, दुसऱ्या दिवशी पॅकिंगला जायची आणि तिच्या जागी दुसरी बाई यायची. असं एकाआड एक. ती शेजारी असली की दिवस बरा जायचा. सगळ्यांच्या नकला करायची. माझी फुंकायची नक्कल तर अशी, की मलाच आरशात बघितल्यासारखं व्हायचं.

त्या सुमारास मुक्या शिट्ट्या वाढल्या. दहात दोनाहून जास्त मुक्या निघाल्या की आख्खी पेटी परत उघडायची, असा नियम होता. पेट्या उघडून उघडून लोक वैतागले. आणि कोणीतरी म्हणालं की कांचनबेन बसतात त्याच दिवशी असं होतं. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“वसंतभाई, आ बाई पनोती छे?”

पनोती म्हणजे जिच्या पायगुणाने वाटोळं होतं ती. मी म्हटलं, “शेठ, असं काही नसतं.”

“तो तमारा पेला हिसाबमां जुओ.”

म्हणजे माझ्या त्या हिशेबात बघा. मला एवढा मान कोणी दिला नव्हता. मी वही काढली. चाळीस दिवस, रोज दहा, अशा चारशे शिट्ट्या. कांचनबेन असताना दोनशे, नसताना दोनशे. एकूण मुक्या चाळीस. संबंध नसता तर वीस इकडे आणि वीस तिकडे पडायला हव्या होत्या. पडल्या तीस आणि दहा. फरक दहाचा, वर्ग शंभर, भागिले वीस, पाच. दोन्हीकडचे पाच आणि पाच, दहा. वाजलेल्या शिट्ट्यांच्या कप्प्यांतून आणखी एक आणि थोडं. बेरीज अकरा पॉइंट अकरा.

तीन पॉइंट चौऱ्याऐंशी कुठे आणि अकरा कुठे. मला खरं सांगायचं तर आनंद झाला. एवढी मोठी बेरीज माझी पहिल्यांदाच आली होती. मी चिठ्ठीवर लिहिलं, ‘संबंध आहे’, खाली सही केली आणि शुक्रवारी शेठच्या टेबलावर ठेवली. सही जरा ठसठशीतच केली.

शनिवारी शेठनी कांचनबेनला सांगितलं की सोमवार शेवटचा. ती पाटावर येऊन बसली आणि त्या दिवशी कोणाची नक्कल केली नाही. मी शेजारी बसून फुंकत होतो.

रविवारी सकाळी चहाला बसल्यावर मी कुसुमला सगळं सांगितलं. दांडिया बाजारातली आमची दोन खोल्यांची जागा, खाली इस्त्रीवाला, त्याच्याकडे मोठ्याने रेडिओ. तो बंद होईपर्यंत ती थांबली.

“म्हणजे तुमच्या सहीने त्या बाईची नोकरी गेली.”

“माझ्या सहीने नाही. आकड्याने.”

“आकडा पेन धरतो का हातात?”

मी म्हटलं, “अकरा आलेत, अगं. अकरा.”

ती उठली, खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं आणि माझ्यापुढे टाकलं. आमच्याकडे कॅलेंडरवर दुधाची खूण असायची, गॅसची असायची. पण काही तारखांवर लाल फुल्या होत्या, त्या मी कधी बघितल्या नव्हत्या.

“या कसल्या?”

“तुमचे गुन्हे. डबा भरलेला परत आला की फुली.”

“आणि त्या कशाला लिहून ठेवल्यास?”

“एक दिवस भांडायचं होतं. तारखा हाताशी असलेल्या बऱ्या.”

आता हे सांगायलाच हवं. मला साखरेचा त्रास सुरू झाल्यापासून कुसुम डब्यात दुधी द्यायची. दुधी नाहीतर तोंडली, तीही तेल दाखवल्यासारखं करून. आणि कांचनबेन मधूनमधून घरून लसणीची शेव घालून ममरा, म्हणजे आपले चुरमुरे, आणायची, कागदाच्या पुड्यात, निम्मा माझ्यापुढे सरकवायची. ती कारखान्यात शेजारी असली तरी रोज आणायची नाही. विसातले दहा दिवस. त्या दहा दिवशी माझा डबा तसाच घरी यायचा आणि मी सांगायचो की आज भूक नव्हती.

“भूक नव्हती म्हणे,” कुसुम म्हणाली. “सदऱ्याच्या खिशात शेव सापडायची. मी धुते ना कपडे.”

“मग बोलली का नाहीस?”

“माझ्या दुधीपेक्षा तिची शेव चांगली लागते, हे तुमच्या तोंडून ऐकायचं नव्हतं मला.” मग म्हणाली, “वीस दिवस ती बाई शेजारी होती, ने? मग वीसही दिवस शिट्ट्या बिघडायला हव्यात. आणा ती वही इकडे.”

तिला काय स्क्वेअर येत नव्हता. पण डोकं होतं. ती कॅलेंडर घेऊन बसली, मी वही घेऊन. ती तारीख म्हणायची, “फुली,” मी म्हणायचो, “तीन मुक्या.” ती म्हणायची, “फुली नाही,” मी म्हणायचो, “सगळ्या वाजल्या.” अशा चाळीस तारखा. चहाच्या भांड्याला साय धरली.

फुलीच्या दहा दिवसांतल्या शंभर शिट्ट्यांत चोवीस मुक्या. बाकी तीस दिवसांतल्या तीनशेत फक्त सोळा. बेरीज केली. एकोणतीस.

“मोठा आकडा म्हणजे काय ते?” तिने विचारलं.

“म्हणजे मी.”

फुल्या बाजूला काढून राहिलेले दिवस बघितले. कांचनबेन होती पण शेव नव्हती, अशा शंभरात सहा मुक्या. ती नव्हतीच, अशा दोनशेत दहा. बेरीज एक पॉइंटसुद्धा होईना. बाईचा काडीचा संबंध नव्हता. शेव खाऊन मी त्याच तोंडाने फुंकत होतो. ज्या शिट्ट्या मी मुक्या म्हणून फेकल्या, त्या मीच मुक्या केल्या होत्या.

त्रिवेदीमॅडमनी कढी-खिचडीनंतर काय सांगितलं होतं, ते मी नंतर त्यांना फोन करून विचारलं. काय स्क्वेअर एवढंच सांगतो की दोन गोष्टी बरोबर चालतात, कोण कोणाला ओढतंय ते सांगत नाही. ते माणसाने शोधायचं. आणि फोन ठेवताना म्हणाल्या, “वही उलटीपालटी करून कितीही वेळा हिशेब लावाल तर कुठे ना कुठे मोठा आकडा मिळेलच. म्हणून वस्तू उघडून बघायची.”

पण कुसुमने हे रविवारीच, फोनच्या आधी सांगितलं होतं. तिने बांगडीतली सेफ्टी पिन काढून माझ्या हातावर ठेवली. “आकडे शेठला पटतील न पटतील. आत काय आहे ते काढून दाखवा.”

सोमवारी मी कंपनीच्या बसने गेलो तो सरळ मुक्यांच्या खोक्याकडे. गेल्या फुलीच्या दिवसाच्या तीन शिट्ट्या अजून तिथेच होत्या. पिन घातली. पहिलीतून काही निघालं नाही, ती खरंच वाकडी होती. माझा धीर सुटला. दुसरीतून पिवळा कण निघाला. तिसरीतून दोन. शिट्टी धुतली, फुंकली, सूं.

मी त्या शिट्ट्या, वही आणि कॅलेंडर घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेलो. रिटायर व्हायला तीन वर्षं होती. टेबलावर कागद पसरला, त्यावर ते कण ठेवले.

“आ शुं छे?”

“शेव.”

शेठनी चष्मा लावला. एक कण बोटावर घेतला, नाकाशी नेला. “लसण,” ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. तोंडाने फुंकतो हेही, हवेचं मशीन वापरत नाही हेही. ते कॅलेंडर बघत राहिले. वर रामरक्षा, खाली लाल फुल्या. मग म्हणाले, “एटले पनोती तमे.”

“हिशेबात तसं दिसतंय.”

“तो कोने काढुं?”

“मला काढा. त्यांना राहू द्या.”

रमणशेठ हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. मग त्यांनी निकाल दिला. कांचनबेनने आजपासून शिट्ट्या तपासायच्या, मशीन दुरुस्त करून, त्याच्यावर. मी पॅकिंगला जायचं, जिथे तोंडाचं काही काम नाही. आणि ते कण तसेच कागदात बांधून खणात ठेवले. कशाला, ते मला माहीत नाही.

माझ्या हातून सूं गेला तो कायमचा. तीन वर्षं मी खोक्यांना पट्ट्या चिकटवल्या. त्याचं दुःख झालं, पण ते मी कोणाला सांगू शकत नव्हतो. आणि मला वाटलं होतं, कांचनबेन निदान हसेल. मी पॅकिंगकडे निघालो तेव्हा ती उठून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “वसंतभाई, मारुं खाधुं ने मारुं ज नाम लख्युं.” माझंच खाल्लंत आणि माझंच नाव लिहिलंत. एवढं बोलून तिने पाठ फिरवली. नंतर माझ्याशी एक शब्द नाही. समोरून आली तर माझ्या मागच्या भिंतीकडे बघायची. तिचं बरोबर होतं. चुकलं, असं मी शेठला बोललो होतो, तिला नव्हतो. जीभ वळेना. दहा दिवस तिच्या पुड्यात हात घालताना बरी वळायची.

दोन आठवडे हे बघितल्यावर कुसुम म्हणाली, “मी जाऊन येते.” मी म्हटलं, मी येतो. ती म्हणाली, “तुम्ही आलात तर काम बिघडेल.” रविवारी एकटी बसने वाघोडियाला गेली. हातात पिशवी होती, पिशवीत काय होतं ते दाखवलं नाही. सकाळची गेली ती चार वाजता परत आली. डोळे रडल्यासारखे आणि तोंड हसल्यासारखं. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, काही नाही. विचारलं, काय बोललात एवढा वेळ. म्हणाली, बायकांचं.

सोमवारी कांचनबेन पॅकिंगच्या दारात आली, म्हणाली, “जय श्रीकृष्ण, वसंतभाई,” आणि माझी पट्टी चिकटवायची नक्कल करून दाखवली. त्यानंतर मी रिटायर होईपर्यंत ती माझ्याशी नीट बोलली. तीही शेवटपर्यंत त्याच जागेवर राहिली, मानाने रिटायर झाली. मशीनवर तिच्या हातून एक मुकी शिट्टी बाहेर गेली नाही, हे मी दुसऱ्या कोणाबद्दल लिहिलं नसतं.

पण त्या रविवारी काय ठरलं, ते मला कळलं नाही. कुसुमला मी किती वेळा विचारलं त्याची मोजदाद नाही. चिडून विचारलं, लाडात विचारलं, आजारपणात उशाशी बसून विचारलं. ती प्रत्येक वेळी तोंडावर पदर धरायची. दवाखान्यातसुद्धा धरला, नाकात नळी असताना.

तिच्या तेराव्यानंतर कांचनबेन भेटायला आली. मी चहा केला, तो तिने गोड मानून घेतला. बराच वेळ कुसुमबद्दल बोललो. मग मी म्हटलं, “कांचनबेन, आता तरी सांगा. त्या दिवशी तुमच्या घरी काय बोलली ती?”

“कुसुमबेने ना पाडी छे.”

“ती आता गेली.”

“ए गयां,” कांचनबेन म्हणाली, “एमनी ना क्यां गई?”

ती गेली, तिचं ‘सांगू नका’ कुठे गेलंय. मी म्हटलं, बरं, निदान एवढं सांगा, माझ्याबद्दल होतं का? कांचनबेनने आधी ओठ दाबून धरले. मग तिला आवरेना. ती भिंतीला टेकून अशी हसली, अशी हसली, की समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू दार उघडून बघायला आल्या, दुःखाच्या घरात हे काय चाललंय म्हणून. त्यांना वाटलं बाई रडते आहे. त्या पाणी घेऊन आल्या. मी त्यांना म्हटलं, काकू, आणखी एक भांडं आणा, मलाही लागेल.